तोटीचें माप

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत माझा भाचा घरीं आला तो एका जुन्या मोटारीचें वेड घेऊनच. गाडी सहा सिलिंडरांची, साठ वर्षांमागची. तिचे सिलिंडर त्यानें रुंद करून घेतले होते, कॅमशाफ्ट नवा बसविला होता, आणि आतां जुना कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागीं इंजेक्टर लावावयाचे होते. प्रश्न एवढाच उरला होता, कीं ते किती मापाचे घ्यावे? त्याच्या मित्रमंडळींत याविषयीं मुळींच दुमत नव्हतें. "मोठेच घे, इंधन कमी पडण्यापेक्षां जास्त झालेलें बरें," असा सर्वांचा सल्ला. मी इतिहासाचा अध्यापक. यंत्रविद्येंत माझी गति बेताचीच. परंतु हें "जास्त झालेलें बरें" कानीं पडतांच मला १९४० सालच्या वैमानिकांचें स्मरण झालें. त्यांच्यावर इंधन कमी पडण्याचें व जास्त होण्याचें अशीं दोन्ही संकटें एकाच झेपेंत येत असत, आणि त्यांतलें दुसरेंच अधिक भयंकर होतें.

पेट्रोलचें इंजिन जाळतें तें मुख्यतः हवा. पूर्ण ज्वलनासाठीं वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल पुरतें. पेट्रोल फार कमी पडलें तर भर वेगांत पिस्टन वितळण्याची भीति. फार जास्त झालें तर शक्ति घटते, काळा धूर निघतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल धुऊन जातें. हें प्रमाण हवेकडूनच राखवून घेण्याची युक्ति विल्हेल्म मायबाख यानें १८९३ सालीं साधली. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जाऊं लागली, कीं तेथील दाब उतरतो आणि शेजारच्या बारीक तोटींतून इंधन आपोआप ओढलें जातें. हवा जास्त तर इंधन जास्त. तोटीशेजारच्या कुपींत इंधनाची पातळी एक तरंगता फ्लोट सांभाळतो. या साऱ्या योजनेंत एक गृहीत गोष्ट मात्र होती: इंधन नेहमीं कुपीच्या तळाशींच राहील. रस्त्यावर धांवणाऱ्या गाडीला त्याची शंका येण्याचें कारण नव्हतें.

दुसरा मार्ग जर्मनींतच, पण निराळ्या इंजिनांतून निघाला. रुडोल्फ डिझेल याच्या १८९७ च्या इंजिनांत इंधन सिलिंडरांत घुसविण्यासाठीं दाबलेल्या हवेचा झोत लागे, आणि तो झोत निर्माण करण्याचें यंत्र इतकें अवजड, कीं असें इंजिन मोटारींत बसविणें दुरापास्तच. १९२७ पासून श्टुटगार्ट येथील बॉश कारखान्यानें डिझेल इंजिनासाठीं असे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला, कीं जे थेंबाथेंबाचें माप घेऊन इंधन प्रचंड दाबानें आंत सोडीत. हीच विद्या पुढें पेट्रोलवर चालणाऱ्या विमानी इंजिनांत आली. मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानांतील डाइम्लर-बेन्झ ६०१ इंजिनाला कार्ब्युरेटर नव्हताच.

इंग्लंडच्या आकाशांत १९४० सालीं या दोन विद्यांची गांठ पडली. एकीकडे मेसरश्मिट, दुसरीकडे रोल्स-रॉइसचें मर्लिन इंजिन लावलेलीं स्पिटफायर व हरिकेन विमानें. पाठीवर शत्रु आला, कीं जर्मन वैमानिक विमानाचें नाक एकदम खालीं दाबी आणि सरळ सूर मारी. इंग्रज वैमानिकानें तेंच केलें तर त्याचें इंजिन गुदमरे. म्हणून त्याला आधीं विमान अर्धें लोळवून पाठीवर घ्यावें लागे, आणि मग झेप. तेवढ्या क्षणांत शत्रु निसटून जाई. आणि इंग्रज वैमानिकच पुढें पळत असला, तर परिणाम काय होई हें सांगावयास नको.

यावरून इंग्रज यंत्रज्ञ मागासलेले होते असें अनुमान काढण्याचा मोह होतो. तो न्याय्य नव्हे. कार्ब्युरेटर त्यांनीं जाणूनबुजून ठेवला होता. सुपरचार्जरच्या तोंडाशींच पेट्रोल हवेंत मिसळलें, म्हणजे त्याचें बाष्प होतांना हवा थंड होते. थंड हवा दाट असते. दाट हवेंतून शक्ति अधिक मिळते. सिलिंडरांत थेट इंधन सोडणाऱ्या इंजिनाला हा लाभ तितका मिळत नाहीं. हिशेब बरोबर होता. फक्त त्यांत नाक खालीं दाबणारा शत्रु धरलेला नव्हता.

या दुखण्याचें निदान ज्या बाईनें केलें तिचें नांव बीअट्रिस शिलिंग. जन्म १९०९, मँचेस्टर विद्यापीठांतून विद्युत्-यंत्रविद्येची पदवी, नोकरी फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्यें. ब्रुकलंड्सच्या धांवपट्टीवर नॉर्टन मोटारसायकल ताशीं शंभर मैलांवर पळवून तिनें १९३४ सालीं मानाचें सुवर्णतारक मिळविलें होतें. तिला असें दिसून आलें, कीं इंजिनाला एकामागून एक असे दोन निरनिराळे विकार होतात. नाक दाबतांच कुपींतील इंधन छताकडे उसळतें आणि तोटी कोरडी पडते. ही क्षणाची उपासमार. ती संपते न संपते तोंच फ्लोट भलत्या जागीं जाऊन झडप सताड उघडतो, आणि इंजिन जाळूं शकेल त्याहून कितीतरी अधिक पेट्रोल पंप आंत ओततो. हें अजीर्ण उपासमारीपेक्षां वाईट, कारण तें लवकर निवळत नाहीं.

तिचा उपाय म्हणजे मधोमध भोक असलेली धातूची एक लहानशी चकती! इंधनाच्या वाटेंत ती बसवावयाची. भोक इतकेंच, कीं पूर्ण शक्ति चालू असतां इंजिनाला जेवढें पेट्रोल लागतें तेवढें त्यांतून जावें, अधिक नाहीं. सुपरचार्जरच्या दाबाप्रमाणें चकतीचीं मापेंही दोन होतीं, एक १२ पौंडांच्या दाबासाठीं, दुसरें १५ च्या. विमान सेवेंतून न काढतां ती बसवितां येई. मार्च १९४१ पर्यंत ही बाई आपल्या लहानशा तुकडीसह विमानतळोविमानतळीं हिंडून चकत्या लावून आली होती. वैमानिकांनीं त्या भोकाला "मिस शिलिंगचें" असें नांव दिलें तें बरेंचसें चावटपणाचें होतें. वास्तविक १९३८ सालींच तिचा विवाह होऊन ती मिसेस नेलर झाली होती. चकतीनें क्षणाची उपासमार गेली नाहीं, आणि विमान बराच वेळ उलटें उडविणेंही साधलें नाहीं. त्यासाठीं १९४३ च्या सुमारास दाबाच्या कार्ब्युरेटरची वाट पहावी लागली. परंतु बुडवून मारणारें इंधन आंवरलें गेलें.

युद्धानंतर ही विद्या रस्त्यावर उतरली, आणि तीही फेरफार केलेल्या इंजिनाच्या निमित्तानेंच. मर्सिडीज ३०० एस् एल् ही पंखासारख्या दारांची गाडी १९५४ सालीं न्यूयॉर्क येथें प्रथम दाखविण्यांत आली. तिचें तीन लिटरचें इंजिन मुळांत एका प्रौढ, घरंदाज गाडीचें. तेथें तें ११५ अश्वशक्ति देई. १९५२ च्या शर्यतींसाठीं त्याला तीन कार्ब्युरेटर लावले, तेव्हां तें सुमारें १७० पर्यंत गेलें. आणि बॉशचा पंप लावून सिलिंडरांत थेट इंधन सोडल्यावर २१५ वर. मात्र त्या पंपाला थांबावें कधीं हें कळत नसे. ठिणगी बंद केली तरी इंजिनाचे शेवटचे फेरे संपेपर्यंत तो पेट्रोल सोडीतच राही. तें न जळलेलें पेट्रोल भिंतीवरचें तेल धुऊन खालीं तेलाच्या टांकींत उतरे. म्हणून त्या गाडीचें तेल वारंवार बदलावें लागे.

विजेनें माप घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीचा. क्रायस्लरनें तो १९५८ च्या कांहीं गाड्यांत घेतला. पण त्या काळचे विद्युत्-भाग असे नाजुक, कीं त्यांतील बहुतेक गाड्या पुन्हा कार्ब्युरेटरवर आल्या. तेच हक्क बॉशनें घेतले आणि १९६७ सालीं फोक्सवागन १६०० मध्यें डी-जेट्रॉनिक आणली. धुराविषयींचे अमेरिकन कायदे तेव्हां कडक होत होते. इतिहासाच्या दृष्टीनें मोठा पालट तो येथें झाला. तोटीचें भोक ठरलेलें. बदलतो तो ती उघडी राहण्याचा काळ, आणि तो सेकंदाच्या सहस्रांशांत मोजला जातो.

हें समजलें म्हणजे भाच्याच्या मित्रांच्या सल्ल्यांतील दोष उघड होतो. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनांत एक अश्वशक्ति तासभर मिळवावयाची तर सुमारें अर्धा पौंड पेट्रोल लागतें. त्याला हवी होती २०० अश्वशक्ति. म्हणजे ताशीं १०० पौंड, दर सिलिंडरास पावणेसतरा. इंजेक्टर शेंकडा ८० हून अधिक काळ उघडा ठेवूं नये असा संकेत आहे. त्या हिशेबानें माप येतें जवळजवळ २१ पौंड. दुप्पट मोठा घेतला तर भर वेगांत कांहीं बिघडणार नाहीं. बिघडेल तें सिग्नलला गाडी उभी असतांना. इंजेक्टरची सुई उचलली जाण्यासच एक सहस्रांशाच्या आसपास वेळ जातो, आणि मंद फिरणाऱ्या इंजिनाला योग्य मापाच्या इंजेक्टरमधूनही दोन-अडीच सहस्रांश पुरतात. भोक दुप्पट केलें, कीं तो काळ सुई उचलण्याच्या वेळेशींच येऊन भिडतो. मग माप कसलें? इंजिन आंचके देतें आणि प्लग काळे पडतात.

भाच्यानें आणखी दोन गोष्टी काढल्या. जुन्या पद्धतीच्या इंजेक्टरांच्या वेटोळ्याचा विद्युत्-रोध दोन-तीन ओहम, हल्लींच्या बहुतेकांचा बारा ते सोळा. चालविणारी पेटी ज्याची असेल तेच घ्यावे, नाहींतर ती जळते. दुसरी गोष्ट आपल्या इकडची. पेट्रोलमध्यें शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याची मजल आपल्या देशानें २०२५ सालीं गांठली, आणि इथेनॉलला पेट्रोलइतकी हवा लागत नाहीं. त्यामुळें तेवढ्याच हवेस इंधन सात-आठ टक्के अधिक सोडावें लागतें. एकवीसचे साडेबावीस झाले.

"मामा, चोवीसचे घेतों," तो म्हणाला, आणि तसे सहा मागविलेही. मित्र अद्याप म्हणतात, बेचाळीसचे घ्यावयास हवे होते.