संथ वळणातील टायरघसट

संथ वळणातील टायरघसट म्हणजे गाडी पायी चालण्याच्या वेगाने जात असताना, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण काटलेले असताना, टायर सरळ न गडगडता अडखळत, आचके देत घासणे. हा प्रकार सर्वच मोटारींत थोडाफार असतो. स्पोर्ट्स कारमध्ये तो हाताला, कानाला आणि बसणाऱ्याच्या पाठीला जाणवतो. पुढून थरथर येते, टायर मधेच अडतो, बोटभर बाजूला उडी मारतो आणि पुन्हा अडतो. गाडी नवी आणि महागडी असेल तर मालकाच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा मोडलेले मात्र काहीच नसते. वेगासाठी जुळवलेली चाके गल्लीत फिरत असतात, एवढेच.

वळताना गाडीची चारही चाके एकाच मध्याभोवती फिरावीत, तर कोणतेच चाक घासत नाही. त्यासाठी आतल्या बाजूचे पुढचे चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. आकड्यांत पाहू. पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर (हा व्हीलबेस) आणि पुढच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर असलेली गाडी घेतली. वळणाचा मध्य मागच्या आसाच्या रेषेत, आतल्या चाकापासून चार मीटरवर आहे. मग आतले चाक सुमारे ३१.५ अंश आणि बाहेरचे २४ अंश वळले पाहिजे. फरक साडेसात अंशांचा. स्टिअरिंगच्या दांड्या हा फरक चारच अंश देत असतील, तर उरलेले साडेतीन अंश दोन्ही टायरांना आपसांत वाटून घ्यावे लागतात. म्हणजे दोघेही जिकडे तोंड, तिकडे जात नाहीत. रबर रस्त्याला चिकटून पिळत जाते, ताण पकडीपेक्षा वाढला की सुटते, पुन्हा चिकटते. फळ्यावर खडू किंचाळतो तोही याच धरसोडीमुळे. इथे खडूच्या जागी दीड टनाच्या गाडीखालचा टायर असतो.

हे गणित मोटारीपेक्षा जुने आहे. म्युनिकचा बग्गी बनवणारा कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१७ मध्ये दोन्ही पुढची चाके आपापल्या खुंट्यावर स्वतंत्र वळवण्याची रचना केली. इंग्लंडमध्ये तिचे पेटंट १८१८ साली त्याचा तिथला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याने घेतले. आकरमन हा लंडनमधला चित्रांचा आणि पुस्तकांचा व्यापारी. रचना कारागिराची, नाव मात्र आजतागायत विक्रेत्याचेच : ‘आकरमन स्टिअरिंग’. इरॅस्मस डार्विनने तर ही कल्पना त्याच्याही अर्धशतक आधी मांडली होती.

आकरमनच्या पेटंटनंतर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. तिथल्या तोफांना आकरमनची गरज नव्हती. तोफेचा गाडा दुचाकी, त्याच्यापुढे ‘लिंबर’ हा दुसरा दुचाकी गाडा, आणि दोघांना जोडणारा आकडा. वळताना सगळा पुढचा गाडाच फिरे. बैलगाडीचेही तसेच. दोन चाके आसावर सुटी फिरतात, एक मागे राहिले तरी कोणाचे काही अडत नाही. कामठीच्या जुन्या बाजारातून फिरणारी ऑटोरिक्षा आजही याच बिनभांडणाच्या पंथातली आहे : पुढे चाकच एक, त्यामुळे कोनाचा वाद घालायला दुसरे नाही.

मग स्पोर्ट्स कारचे अभियंते दोनशे वर्षे जुने, सोपे गणित मुद्दाम का मोडतात? कारण ते गणित टायर घसरतच नाही असे धरून चालते, आणि वेगात प्रत्येक टायर थोडा घसरूनच वळण घेतो. टायर आडवा जोर लावतो तो त्याचे तोंड आणि त्याची वाट यांत काही अंशांचा कोन पडल्यावर. या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. वेगवान वळणात वजन बाहेरच्या चाकावर जाते. भार जास्त असलेल्या टायरला आपला पूर्ण जोर लावायला मोठा कोन लागतो, हलक्या पडलेल्या आतल्या टायरला लहान. पूर्ण आकरमनमध्ये नेमके उलटे होते : आतला टायर जास्त वळून नुसताच रस्ता खरवडतो, तापतो, गाडीला ओढ लावतो. म्हणून वेगाच्या गाड्यांत दोन्ही चाके जवळजवळ समांतर वळवतात. काही रेसिंग कारमध्ये तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त वळते.

नागपूरपासून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किमीची मुभा आहे. त्या वेगात ९०० मीटर त्रिज्येच्या वळणाला २.४५ मीटर व्हीलबेसच्या गाडीची पुढची चाके भूमितीच्या हिशेबाने पाव अंशही वळत नाहीत. दोन चाकांतला फरक इतका सूक्ष्म की तो नसला तरी चालतो. कामठी मार्गावर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हा ५.६७ किमीचा डबल डेकर उड्डाणपूल ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला; तिथेही स्टिअरिंग फारसे काटावे लागत नाही. खरी परीक्षा पूल उतरून, कामठीत शिरून, दोन घरांमधल्या फाटकात गाडी घालताना होते.

दुसरे कारण टायरच्या रुंदीचे. एकच रुंद टायर घेतला तरी वळताना त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त अंतर कापते. काटकोनात वळणाऱ्या गाडीच्या २४५ मिमी रुंद टायरच्या दोन कडांत सुमारे ३८ सेंमीचा फरक पडतो. वळण मोठे असो की लहान, काटकोनाचा फरक तेवढाच; लहान वळणात तो थोडक्या अंतरात उरकावा लागतो, म्हणून बोचतो. जुन्या मारुती ८०० च्या १४५ मिमी टायरला हाच हिशेब २३ सेंमीचा. शिवाय तिच्या टायरची भिंत उंच आणि मऊ होती, बराचसा पीळ तीच पोटात घेई. स्पोर्ट्स कारच्या टायरची भिंत बुटकी आणि ताठ असते. पीळ मुरत नाही, थेट स्टिअरिंगला पोहोचतो.

सचिन तेंडुलकरच्या ज्या फेरारी ३६० मोडेनावरून २००३ मध्ये आयातशुल्काच्या माफीचा वाद गाजला, तिचे पुढचे टायर २१५ मिमी आणि मागचे २७५ मिमी रुंद, दोन्हींना १८ इंची रिम. आज २१५ मिमी टायर साध्या कुटुंबाच्या एसयूव्हीलाही असतो. पंचवीस वर्षांत टायर किती फोफावले ते यावरून कळते, आणि घसटीच्या तक्रारी स्पोर्ट्स कारपुरत्या का राहिल्या नाहीत तेही.

तिसरे कारण चाकाच्या कलाचे. गाडी वेगात सरळ धावावी म्हणून पुढच्या चाकांना भरपूर कॅस्टर देतात, म्हणजे चाक ज्या कण्यावर वळते तो मागे रेललेला असतो. अशा चाकाला पूर्ण काट दिला की ते वळता वळता कलतेही. सपाट बसलेला टायर एका खांद्यावर येतो आणि त्याच खांद्याने रस्ता खरवडतो. गाडी संथ फिरवताना पुढचा भाग किंचित वर-खाली झाल्यासारखा वाटतो, तो याचमुळे.

हवामानाचा भाग विदर्भात विशेष पाहण्यासारखा आहे. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचे रबर साधारण सात अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. कडक रबर रस्त्याशी मिळतेजुळते घेत नाही, सरळ उड्या मारते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी काढली की पहिल्या दोन वळणांत घसट कडाडून जाणवते आणि टायर तापल्यावर बरीच निवळते. याच शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशही पाहिले. त्या उन्हात रबर मऊ, डांबरही मऊ; आचके कमी होतात, पण वळणावर काळी चंद्रकोर उमटते. मॉलच्या तळघरातल्या गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर मात्र बारमाही किंकाळी. तिथे साधी हॅचबॅकसुद्धा पाठलागाच्या सिनेमातल्यासारखी ओरडते.

थंडीतल्या या उड्यांनी एकदा आंतरराष्ट्रीय डोकेदुखी केली. मर्सिडीझ-बेंझच्या जीएलसी या एसयूव्हीच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांबद्दल ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तक्रारी आल्या. हा सुरक्षेचा दोष नाही, अशी कंपनीची भूमिका होती. ब्रिटनमध्ये मालकांना बारमाही टायर देऊ करण्यात आले. टायर बदलल्यावर त्रास कमी व्हावा यातच कारणाचा मोठा भाग कुठे होता ते दिसते.

आतापर्यंत पुढच्या चाकांचे झाले. मागची चाकेही या भानगडीत असतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून आसात डिफरन्शियल असते. स्पोर्ट्स कारमध्ये ते बहुधा ‘लिमिटेड स्लिप’ जातीचे असते : दोन चाकांच्या वेगातला फरक ते एका मर्यादेपर्यंतच सोसते. वेगात आतले चाक फुकट फिरू नये म्हणून केलेली ही सोय संथ वळणात दोन्ही मागच्या चाकांना एकमेकांशी बांधून ठेवते आणि एकाला घासायला लावते.

कामठीत हेच सर्वांत स्पष्ट समजते ते जिप्सी चालवलेल्या माणसाला. गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र या छावणीत आहे, आणि १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी पुढे भारतीय सैन्याच्या रोजच्या वापरातली गाडी झाली. तिच्यात गरजेपुरते फोर-व्हील ड्राइव्ह असते. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नसते. चिखलात किंवा वाळूत चाके घसरून आपली तडजोड करतात. पण फोर-व्हील गिअर तसाच ठेवून कोरड्या डांबरावर जिप्सी फुल काटली, तर ती कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते, ताण साठतो आणि ‘ठक’ करून सुटतो. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या मालकांनाही हा अनुभव येतो. उपाय साधा : पक्क्या रस्त्यावर लिव्हर टू-व्हीलवर. स्पोर्ट्स कारला असा लिव्हर नसतो, एवढाच फरक.

आणि ज्याला घसट डोळ्यांनी पाहायची असेल त्याने कोळशाचा ट्रक पाहावा. कामठीच्या परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, जवळच कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रे. तीन आसांच्या ट्रकचे भरल्यावरचे कमाल वजन २०१८ पासून २८.५ टन धरले जाते. त्याचे मागचे दोन आस सुमारे १.३५ मीटर अंतरावर, एकमेकांना समांतर, आणि दोन्ही न वळणारे. दहा मीटर त्रिज्येत ट्रक वळला की वळणाचा मध्य दोन्ही आसांच्या मधल्या रेषेवर कुठेतरी पडतो, आणि प्रत्येक आसाची चाके आपल्या वाटेपासून जवळजवळ चार अंश तिरकी राहतात. एक आस आत सरकतो, दुसरा बाहेर. वर उदाहरणात घेतलेल्या गाडीच्या पुढच्या जोडीत उरलेला फरक साडेतीन अंशांचा होता, तोही दोन चाकांत वाटलेला. दोन कोटींची गाडी आणि कोळशाचा ट्रक इथे एका पंगतीला बसतात.

ट्रकची घसट नीट पाहिली तर आतल्या जोडटायरांजवळ डांबरावरची बारीक खडी सुटून बाजूला ढकललेली असते, आणि भरलेली वाहने रोज जिथे वळतात तिथे रस्त्याची साल आधी निघते. चार-पाच आसांच्या काही ट्रकना म्हणूनच एक आस उचलून धरण्याची सोय असते. रिकाम्या ट्रकचा चालक ती चाके अधांतरी ठेवतो : टायर वाचतो, डिझेल वाचते, वळायलाही सोपे. गो-कार्टमध्ये हीच युक्ती जन्मजात असते. तिला डिफरन्शियलच नसते. स्टिअरिंग वळवले की सांगाडा पिळून आतले मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते आणि भांडण मिटते.

घसट आणि बिघाड यांत गल्लत होऊ नये. घसट कोरड्या रस्त्यावर, पूर्ण काटाजवळ, दोन्ही बाजूंना सारखीच येते. स्टिअरिंग अर्धा फेरा सोडले की थांबते आणि ओल्या रस्त्यावर जवळपास नाहीशी होते. याउलट वळताना चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा ‘टक-टक-टक’ आवाज सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांडीच्या सांध्याचा, असू शकतो. सरळ रस्त्यातही येणारी आणि वेगाबरोबर चढणारी गुणगुण बेअरिंगची. एकाच बाजूच्या वळणाला आवाज येत असेल किंवा नवा टायर वेगळ्या मापाचा बसवला असेल, तर गॅरेज गाठावे. निव्वळ घसटीसाठी पुन्हा पुन्हा अलायनमेंट करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. अलायनमेंटमध्ये टो (चाकांची तोंडे आत-बाहेर असण्याचा कोन) आणि बहुधा कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवता येतो; पूर्ण काटात दोन चाकांच्या कोनांत किती फरक पडावा हे स्टिअरिंगच्या आर्मच्या लांबी-कोनात कारखान्यातच ठरलेले असते.

चालकाच्या हातात थोडेच उरते : गाडी उभी ठेवून स्टिअरिंग न काटता सरकत असताना काटणे, शेवटचा थोडा काट न वापरता एकदा मागे घेऊन वळणे, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा ठेवणे. कारखान्यांनी शोधलेला महागडा मार्ग म्हणजे मागची चाकेही वळवणे. २०१३ मध्ये आलेल्या पोर्शे ९११ जीटी३ मध्ये मागची चाके जास्तीत जास्त दीड अंश वळतात. कमी वेगात पुढच्यांच्या उलट, जास्त वेगात त्यांच्याच दिशेने. उलट वळल्याने गाडी कमी जागेत फिरते आणि पुढच्या चाकांना तेवढा काट द्यावा लागत नाही. पुढच्या दोन चाकांमधला आपसातला फरक मात्र त्याने मिटत नाही, त्यामुळे पूर्ण काटात तीही थोडी घासतेच.