निसर्ग पर्यटन : गावसमूहाचे नियोजन कसे करावे? (कास परिसराचे उदाहरण)

निसर्ग पर्यटनातून डोंगरी भागातील शेतकऱ्याला चांगले जोडउत्पन्न मिळू शकते. मात्र प्रत्येकाने आपापल्या मनाने खोल्या, रस्ता आणि बोअर केले, तर पर्यटक जे पाहायला येतो तेच नाहीसे होते. म्हणून नियोजन एका शेतापुरते न करता पाणलोट आणि गावसमूह धरून करावे.

कास पठाराची वैशिष्ट्ये

कास पठार साताऱ्याच्या पश्चिमेस, सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असून त्यावर तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं अशी फुले बहरतात. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये या पठाराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शेजारच्या कास तलावातून सातारा शहराला पिण्याचे पाणी जाते. त्यामुळे इथला कचरा आणि सांडपाणी हा केवळ गावापुरता प्रश्न राहत नाही.

काय साधले, काय राहिले

- दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेश शुल्क ठरवले गेले.
- वन विभागासोबत आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था पाहतात. स्थानिक तरुणांना हंगामी काम मिळते.
- पठारावरील कुंपणाबाबत अभ्यासकांनी आक्षेप घेतले. चराई पूर्ण थांबल्यास गवत उंच वाढून लहान फुलझाडे दबतात, असे त्यांचे म्हणणे आहे.
- बहर साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच असतो. फक्त फुलांवर वर्षभराचे उत्पन्न उभे राहत नाही.

नियोजनाच्या पायऱ्या

१. नकाशा : झरे, ओढे, देवराई, सडे, गुरांच्या वाटा आणि पीकक्षेत्र नकाशावर दाखवावे. गावाची लोक जैवविविधता नोंदवही असल्यास तिचा आधार घ्यावा.

२. पाण्याचा हिशेब : ८ खोल्यांत १६ पाहुणे आणि माणशी १३५ लिटर धरल्यास रोज २,१६० लिटर पाणी लागते. ६० दिवसांत हा आकडा १,२९,६०० लिटर होतो. आपल्या झऱ्याचे एप्रिल-मेमधील पाणी मोजून, पिण्याची आणि जनावरांची गरज वजा करून मगच खोल्यांची संख्या ठरवावी.

३. गर्दीची विभागणी : वाहनतळ सड्यावर न करता गावाजवळ करावा. बामणोली, ठोसेघर अशा ठिकाणांशी सहल जोडल्यास एकाच जागेवरचा ताण कमी होतो.

४. शेतीशी जोड : नाचणी, वरी, स्थानिक भात आणि मध यांचे जेवण व विक्री ठेवावी. पीक पडीक टाकून फक्त खोल्यांवर विसंबू नये.

५. निधीची वाटणी : शुल्कातील किती रक्कम स्वच्छता, झरे दुरुस्ती आणि मजुरीवर खर्च होणार, हे ग्रामसभेत ठरवून दरवर्षी हिशेब वाचावा.

प्रादेशिक आराखड्यात आपली जमीन तपासा

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतील गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्प प्रस्तावित असून रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) त्याचे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. अशा कोणत्याही प्रारूप आराखड्यात पुढील बाबी पाहाव्यात :

- आपला गट क्रमांक शेती, वन, पर्यटन की रस्ता यांपैकी कशासाठी दाखवला आहे?
- गावाचे झरे, गायरान आणि देवराई नकाशावर आहेत का?
- बांधकामासाठी पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार?

त्रुटी आढळल्यास सातबारा, नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव जोडून दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी व पोच घ्यावी. आराखडा मंजूर झाल्यावर बदल करून घेणे अवघड जाते. जमीन विक्रीचा व्यवहारही ही माहिती घेण्यापूर्वी करू नये. सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्रारूप नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवल्यास शेतकऱ्यांना वेळेत निर्णय घेता येतो.