आहार, व्यायाम आणि रक्तशर्करा

रक्तातील ग्लुकोजच्या प्रमाणास रक्तशर्करा म्हणतात. निरोगी व्यक्तीत उपाशीपोटी ती दर डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. 100 ते 125 ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. 126 किंवा त्याहून अधिक शर्करा पुन्हा तपासणीतही आढळल्यास मधुमेहाचे निदान होते. आहार व व्यायाम या दोहोंचा या प्रमाणावर थेट परिणाम होतो.

आहाराचा परिणाम

धान्ये, बटाटा व साबुदाणा यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज बनते. ते रक्तात येताच स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि त्याच्या साहाय्याने ग्लुकोज पेशींत शिरते. तंतुमय पदार्थ व प्रथिने पचनाचा वेग मंदावतात. त्यामुळे उसळ व पालेभाजीसह खाल्लेल्या भाकरीने शर्करा संथपणे वाढते. मात्र प्रमाणही महत्त्वाचे ठरते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा व पेठ या डोंगराळ तालुक्यांत पिकणाऱ्या नागलीत तंतू भरपूर असले, तरी तिचा मोठा भाग पिष्टाचाच असतो. द्राक्षांच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 16 ग्रॅम साखर असते. बेदाण्यांत पाणी उडाल्याने ती जवळपास चौपट होते.

व्यायामाचा परिणाम

आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनवाचूनही ग्लुकोज शोषून घेतात. व्यायाम थांबल्यावरही काही तास स्नायूंची इन्शुलिनला मिळणारी प्रतिसादक्षमता वाढलेली राहते. जेवणानंतर थोडे चालल्यास शर्करेची वाढ कमी होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाच्या व्यायामाची शिफारस करते.

भारतीय शरीरठेवण

सडपातळ बांधा म्हणजे मधुमेहापासून संरक्षण नव्हे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक 22.3 होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते. त्यामुळे वजन बेताचे असणाऱ्यांनाही आहार, व्यायाम व तपासणी यांची आवश्यकता असते.

सावधगिरी

इन्शुलिन किंवा शर्करा उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांनी उपवास केल्यास वा नेहमीपेक्षा अधिक श्रम केल्यास शर्करा 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर व गोंधळ ही तिची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास साधारण 15 ग्रॅम साखर देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते. उपवास वा नवा व्यायाम सुरू करण्यापूर्वी अशा रुग्णांच्या औषधांच्या मात्रेचा डॉक्टरांकडून फेरविचार होणे आवश्यक असते.