इ. स. १८९६-९७ ची मरी आणि पेठेंतील दफ्तरें

ग्रंथिक सन्निपाताच्या सांथीचा इतिहास सरकारी अहवाल व वर्तमानपत्रें यांवरून लिहिण्याचा प्रघात आहे. व्यापाऱ्यांच्या कीर्दी-खतावण्यांकडे मात्र संग्राहक पेशवाईनंतरचा कागद म्हणून दुर्लक्ष करितात. हें योग्य नव्हे, इतकेंच येथें दाखवावयाचें आहे.

मुंबईंत ही सांथ प्रथम मांडवी भागांत उघडकीस आली. बंदरालगतचा हा भाग धान्याच्या वखारींचा होता. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं तेथील रोग्यांवरून निदान केलें. वखारींत उंदीर मरून पडत आहेत, हें तेथील लोक पाहत होते. परंतु त्या गोष्टीचा रोगाशीं संबंध तेव्हां निश्चित झाला नव्हता. उंदरांवरील पिसवा हें रोगप्रसाराचें साधन होय, असें पॉल-लुई सीमाँ यांनीं १८९८ त दाखविलें. आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लोटलीं. तोंवर गटारें धुणें, घरांत कार्बोलिक शिंपडणें व रोग्याचें सामान जाळणें यांवरच भर राहिला.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसनीय नांवाचा अध्याय आहे. वायु, उदक, देश व काल यांच्या विकृतीनें जनपदें नाश पावतात, असें तेथें प्रतिपादन असून, विकृत देशाच्या लक्षणांत मूषकांचाही निर्देश आहे. यावरून चरकास आधुनिक उपपत्ति ज्ञात होती असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. कारण त्याच यादींत मशक आहेत, तसेच उलूकही आहेत. मात्र सुश्रुतानें सांगितलेला स्थानपरित्याग लोकांच्या आचरणांत होता. दक्षिणेंत गांवें सोडून माळावर झोंपड्यांत राहण्याची चाल पडली, व उंदरांपासून दूर गेल्यामुळें ती हितकर ठरली.

आतां लोकांस सावध करण्याविषयीं. मुंबई म्युनिसिपालिटीनें ऑक्टोबर १८९६ च्या आरंभीं सक्तीचा जाहीरनामा काढिला. त्याच महिन्याच्या २९ तारखेस गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यांत फेब्रुवारी १८९७ च्या कायद्याच्या आधारें रँडसाहेबांनीं गोऱ्या शिपायांकरवीं घरें तपासविलीं. त्याचें पर्यवसान २२ जूनच्या गोळीबारांत झालें. उलटपक्षीं, त्याच पुण्यांत टिळकांनीं हिंदूंकरितां निराळें इस्पितळ काढण्यास पुढाकार घेतला. जाहीरनामा निघणें व तो पेठेस पटणें या दोन भिन्न गोष्टी होत. १८९७ चाच कायदा १२३ वर्षांनीं, २०२० च्या सांथींत, पुनः लागू करण्यांत आला; तेव्हां हा भेद केवळ जुना नव्हे.

पेठेस काय पटलें व काय पटलें नाहीं, याचें उत्तर अहवालांत मिळणें कठीण. तें पेठेच्याच कागदांत शोधिलें पाहिजे. दुकान कोणत्या तिथीस बंद झालें, केव्हां उघडलें, चुन्यास किती खर्च पडला, माल कोठें हालविला, हें कीर्दीच्या कोऱ्या व भरलेल्या पानांवरून ताडतां येईल. अशीं मोडी बाडें माळ्यांवर कसरीच्या तोंडीं पडतात किंवा रद्दीच्या भावानें जातात. ज्यांच्या संग्रहांत शके १८१८ व १८१९ या सालांच्या वह्या असतील, त्यांनीं त्या प्रथम उघडून पाहाव्या व त्यांची यादी करावी, अशी आमची विनंति आहे.