तारपकऱ्याचा श्वास

मढ येथील आमच्या धर्मग्रामात लग्न असले की उंबराच्या पाण्याला निघालेल्या मंडळींपुढे वाजंत्री आलीच. ती वाजविणारा कोण, कोठला, त्याने विद्या कोणाकडून घेतली, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. पैसे दिले, जेवू घातले, की आपला संबंध संपला. म्हणूनच 2026 च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पद्मश्रीच्या यादीत जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव वाचले, तेव्हा आनंदाबरोबर थोडी खंतही वाटली. नव्वदीच्या घरातील या कलावंताची ओळख आपणांस शासनाच्या यादीने करून द्यावी लागली.

धिंडा यांचे बालपण जव्हार संस्थानच्या काळातले. ते संस्थान 1948 साली विलीन झाले. तारपा त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला. लहानपणीच तो त्यांच्या हाती आला आणि आयुष्यभर हातातच राहिला. केवळ वाजविणे नव्हे, तर वाद्य घडविणे हीदेखील त्यांची विद्या.

तारप्याची घडण साधी वाटते, पण आहे मोठी कुशलतेची. वाळवून पोकळ केलेला दुध्या भोपळा हे त्याचे पोट. त्यात जिभळ्या बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मधमाश्यांचे मेण. सूर खंडित होऊ नये म्हणून वादक गालांत हवा साठवून ती फुंकीत असतानाच नाकाने श्वास घेतो. भातपीक तयार होऊ लागले की वारली, कोकणा आदी समाजांच्या पाड्यांवर हा सूर घुमू लागतो. तारपकरी मध्ये आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्या भोवती. तो वळेल तसा फेरा वळतो. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हाच फेरा जगभर पोहोचला. चित्र कागदावर टिकते. सूर मात्र शिकणारा कोणी नसेल, तर वादकाबरोबरच जातो.

असे घडू शकते, याची साक्ष आयर्लंड देतो. तेथील इलन पाइप या वाद्याला कोपराने दाबलेला भाता हवा पुरवितो. क्लेअर परगण्यातील विली क्लॅन्सी (1918-1973) हा त्याचा थोर वादक, व्यवसायाने सुतार. गॅरेट बॅरी या अंध वादकाच्या चाली त्याच्या वडिलांनी स्मरणात जपल्या होत्या. त्या मुलाकडे आल्या. परंतु 1935 साली कायद्याने परवान्यावाचून सार्वजनिक नाच भरविण्यास बंदी झाली आणि घरोघरचे नाचही त्या कचाट्यात सापडले. नीतिमत्तेच्या काळजीपोटी आमचे आयरिश धर्मगुरू या कायद्याच्या पाठीशी उभे होते. नाच थांबले तसे वादकांचे आंगण गेले. क्लॅन्सीही पोटासाठी 1953 मध्ये लंडनला गेला आणि 1957 मध्ये गावी परतला. पुढे 1968 साली पाइपवादकांनी आपली संस्था उभारली. 1973 साली, क्लॅन्सी वारला त्याच वर्षी, मिल्टाउन मॅलबे येथे त्याच्या नावाने उन्हाळी शाळा सुरू झाली. 2017 मध्ये युनेस्कोने या वादनाला मानवजातीचा वारसा म्हटले. हेतू चांगला असूनही आपल्या हातून हानी घडते, हे आम्हां धर्मगुरूंना त्या इतिहासातून शिकावे लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट सांगितले की, मिशन प्रदेशांतील लोकांच्या संगीत-परंपरेस योग्य मान दिला जावा. मान म्हणजे स्नेहसंमेलनात पाच मिनिटांचा नाच नव्हे. तारप्याला मोकळे आंगण, लांबलेली रात्र आणि वादकाशेजारी बसून शिकणारे पोर लागते. आयर्लंडला हे कळावयास तीस-चाळीस वर्षे लागली.

धिंडा यांचा गौरव झाला, हे उत्तमच. परंतु आपल्या दारी येणारे वादकही कोणाचे तरी शिष्य असतात. पुढच्या उंबराच्या पाण्याला वाजंत्र्यास त्याचे नाव आपण विचारू या, त्याच्या गुरूचेही. आणि घरातले एखादे मूल त्याच्याजवळ बसू लागले, तर त्यास उठवू नये.