कागदावरचा सूर्य

अवसरी बुद्रुकमध्ये सूर्य डोंगराआडून उगवत नाही. सह्याद्रीची रांग आमच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला. पूर्वेकडे ऊस, कांदा, विजेचे खांब आणि पुढे पारगावच्या साखर कारखान्याकडे जाणारे रस्ते. म्हणजे सूर्य उगवतो तो उसातून, आणि डोंगराकडे जातो तो मावळायला. हे गावातल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे.

चित्रकलेचा शिक्षक म्हणून नोकरी संपवून मी गावी परतलो, तेव्हा रविवारी सकाळी आळीतली लहान मुलं पडवीत येऊन बसायला लागली. पहिली ते चौथीतली. मी आयुष्यभर शिकवलं ते पाचवीच्या पुढच्या वर्गांना, त्यामुळे एवढ्या लहान मुलांना काय सांगायचं हे मला सुचेना. पहिल्या रविवारी मी जुने कागद वाटले आणि म्हटलं, "तुम्हाला हवं ते काढा." अकरा मुलं होती. त्यातल्या नऊ जणांनी एकच चित्र काढलं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा अर्धा सूर्य, त्याची किरणं, डोंगरातून वाकडी उतरणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड, आभाळात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी.

मी विचारलं, "सूर्य कुठून उगवतो रे आपल्याकडे?" सगळ्यांनी उसाकडे हात केला. "मग इथं डोंगरातून कसा?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक पोरगा म्हणाला, "सर, कागदावर तिकडूनच उगवतो."

मला हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही. मुलीला न्यायला आलेल्या एका आईनं कागद पाहिला आणि कौतुकानं म्हणाली, "मीच शिकवलं तिला, सर. तुम्ही आम्हाला फळ्यावर काढून द्यायचा ना, तेच."

ती माझी विद्यार्थिनी होती. तो देखावा मी खरोखरच फळ्यावर काढून देत असे. इन्स्पेक्शन असलं, ऑफ तास असला, डोकं दुखत असलं, की रंगीत खडूनं दहा मिनिटांत देखावा तयार. साठ मुलं चाळीस मिनिटं शांत बसायची. ते चित्र आता दुसऱ्या पिढीपर्यंत पोचलं होतं. हे पुसायचं कसं, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात बसला. आणि पुसायच्या आधी ते आलं कुठून, हे बघावंसं वाटलं.

तो देखावा पहिल्यांदा कुणी काढला हे शोधण्यात अर्थ नाही. समोर तयार चित्र ठेवायचं आणि मुलानं ते उतरवायचं, ही जी रीत आहे, तिचा माग मात्र लागतो. तो जातो लंडनला. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात इंग्रजांच्या लक्षात आलं, की यंत्रांत आपण पुढे असलो तरी आपल्या मालाची घडण आणि नक्षी कमी पडते. त्यातून हेन्री कोल यांच्या पुढाकारानं सरकारी कलाशिक्षणाची व्यवस्था उभी राहिली. तिचं केंद्र साउथ केन्सिंग्टन. रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी अभ्यासक्रमाच्या २३ पायऱ्या आखल्या. आधी उपकरणांनी रेषा, मग छापील नमुन्यावरून बाह्यरेषा, मग छायाप्रकाश, मग प्लास्टरचे साचे, असं चढत जायचं. स्वतःच्या मनातलं काही काढण्याची पाळी फार उशिरा. विद्यार्थी काय पाहतो, त्याला काय वाटतं, हा त्या व्यवस्थेचा प्रश्नच नव्हता. तिला कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी नेमके हात हवे होते.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. १८६५ मध्ये तिथे लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. इथल्या कारागिरांच्या हस्तकौशल्याचं त्यांना मनापासून अप्रूप होतं. तरी शाळांपर्यंत जे झिरपलं ते केन्सिंग्टनचं वळण. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा त्याच वळणाच्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही पाठ असतील. १९६५ साली कला संचालनालय स्थापन झालं, आणि पुढे या परीक्षा तेच घेऊ लागलं.

या परीक्षांना नावं ठेवणं सोपं आहे, पण माझ्या तोंडी ते शोभणार नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला चित्रकलेवर पोट भरता येईल, ही शक्यता मला याच परीक्षांनी दाखवली. इंटरमिजिएट झालो, पुढे आर्ट टीचर डिप्लोमा केला, नोकरी लागली. बाजारपेठांतल्या पाट्या, मंडळांचे फलक, ट्रकच्या पाठीमागची अक्षरं यांतही याच शिक्षणाचा हात आहे. पेला लंबवर्तुळाकार का दिसतो, हे बाराव्या-तेराव्या वर्षी कुणीतरी समजावून सांगायलाच हवं.

घोटाळा झाला तो वयाचा. मोठ्या मुलांसाठी आणि कारागिरांसाठी आखलेली रीत तशीच खाली सरकत सात वर्षांच्या मुलापर्यंत आली. त्या वयात मुलाला घर काढायचं असतं तेव्हा ते आतली चूल आणि बाहेरचा कुत्रा एकाच वेळी दाखवतं. आजी बापापेक्षा मोठी काढतं, कारण घरात आजीचं चालतं. आम्ही त्याला सांगितलं, हे चुकलं, फळ्यावर बघ.

हे चुकलेलं नाही, असं ठामपणे म्हणणारी माणसंही फार जुनी आहेत. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला आणि मुलांची चित्रं ही मोठ्यांच्या चित्रांची कच्ची प्रत नसून ती एक वेगळीच कला आहे, असं मांडलं. पण आपल्याला व्हिएन्नापर्यंत जायची गरज नाही. वर्ध्यापर्यंत गेलं तरी पुरे.

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस तिथे आले आणि खेड्यात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या सामानातून त्यांनी अधिवेशनाचं नगर सजवलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. झाकिर हुसेन समितीनं जो अभ्यासक्रम आखला त्यात मूळ उद्योग आणि मातृभाषा यांच्या जोडीला चित्रकला आणि संगीतही होतं. नई तालीम म्हटलं की आपल्याला फक्त टकळी आठवते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

सेवाग्रामला हे काम आशादेवी आणि आर्यनायकम हे जोडपं पाहत होतं. तेही शांतिनिकेतनहून आलेलं. १९४४ मध्ये तिथे देवीप्रसाद नावाचा तेवीस वर्षांचा तरुण आला. जन्म देहरादूनचा, चित्रकला नंदलालांकडे शिकलेली. तो १९६२ पर्यंत सेवाग्रामात राहिला. इतकी वर्षं एक शिकलेला चित्रकार वर्ध्याजवळच्या खेड्यात मुलांना चित्रकला शिकवत होता. त्यानं मुलांसमोर गिरवायला नमुने ठेवले नाहीत. मुलं काय काढतात, कोणत्या वयात कसं काढतात, हे तो बघत राहिला आणि त्यावर लिहीत राहिला. त्याच्या उतारवयातल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच कला हा शिक्षणाचा पाया आहे, असं म्हटलेलं आहे.

मला मात्र त्याच्या आयुष्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुलांना शिकवताना त्याचं स्वतःचं काम सुटलं नाही. तो चित्रं काढत होता, छायाचित्रं घेत होता, आणि सेवाग्रामात तो मातीकामात शिरला. पुढे तो देशातल्या नावाजलेल्या कुंभारांपैकी एक झाला. त्याच्या मुलांना रोज दिसणारा शिक्षक स्वतःही चिखलात हात घालून बसलेला असे, भांडं बिघडलं की मोडून पुन्हा घडवणारा.

मी नोकरीची शेवटची पंधरा वर्षं स्वतःसाठी एकही चित्र काढलं नव्हतं. तक्ते केले, फलक लिहिले, रांगोळ्यांचे गुण दिले. वेळ नव्हता, हे खरं. पण बघायचंच थांबलो होतो, हे जास्त खरं.

दुसरं उदाहरण किनाऱ्याकडचं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून बिया, पानं, शंख, दगड यांची साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात गेली. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तेव्हा ती कुरणात गेली. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर हललं.

कोसबादच्या आसपास राहतात वारली. त्यांच्या घरांच्या भिंतींवर लग्नाचा चौक बायका काढत आल्या होत्या, तांदळाच्या पिठानं. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर गेले. जिव्या सोमा मशे यांच्या हातात कागद आला आणि ती रेषा जगभर पोचली. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत डोंगर आहेत, नदी आहे, झोपडीही आहे. पण तो डोंगर त्यांचा आहे, झोपडीत कोण राहतं हे माहीत असलेल्या माणसानं ती काढलेली आहे. आता गंमत बघा, आज आपल्या शाळाशाळांतून मुलं तीच त्रिकोणी माणसं तक्त्यावरून उतरवून घेतात. सीनरीच्या जागी वारली आलं. रीत तीच राहिली.

कायद्याचंही सांगायला हवं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, आणि तेही शंभरापेक्षा जास्त पट असेल तर, कलेचा अर्धवेळ निदेशक आहे. पहिली ते पाचवीसाठी वेगळा कलाशिक्षक नाही. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक चांगलं आहे, पण ते उघडायचं वर्गशिक्षकानं, गणित-भाषा-पोषण आहार-ऑनलाइन माहिती हे सगळं उरकून. म्हणजे ज्या वयात मूल सगळ्यात निर्धास्त काढतं, नेमकं तेव्हा त्याच्याजवळ या विषयाचा माणूस नसतो. तो येतो तेव्हा मूल मोठं झालेलं असतं आणि त्याला देखावा पाठ असतो.

मग मी काय केलं? मोठं काही नाही. एक शाळकरी वही घेतली आणि ठरवलं, रोज अर्धं पान. पहिला महिना हात लाकडासारखा. दारातली चपलांची रास काढली, ट्रॅक्टरचं चाक काढलं, चुलतभावाच्या गोठ्यातला बैल काढला. बैलाच्या मागच्या पायाचा गुडघा कुठे वळतो हे मला माहीत नव्हतं. साठाव्या वर्षी, शेतकऱ्याच्या घरात जन्मून! मी ती वही मुलांना दाखवली. बिघडलेला बैलही दाखवला. बैलगाड्याच्या घाटावर वाढलेली ती पोरं, त्यांनी मला पायाची चूक सांगितली. त्या रविवारी कुणीही डोंगर काढला नाही. घाट काढला, पुढे पळणारी घोडी काढली, उडालेल्या भंडाऱ्यानं अर्धा कागद पिवळा केला.

ऊसतोडणीच्या हंगामात एक मुलगा काही रविवार आला. त्यानं झोपडी काढली, आणि मी मनात म्हटलं, आली पुन्हा. मग लक्षात आलं, ती कोपी आहे. बाहेर बैलगाडी, दोरीवर कपडे, दगडांची चूल. आमच्या सगळ्या मुलांत तोच एक खरोखर झोपडीत राहत होता.

देखावा काढू नका, असं मी आता कुणाला म्हणत नाही. काही मुलं अजून काढतात. नऊ जणांच्या हातातून तो मी घालवला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. फळ्यावर काढून द्यायला दहा मिनिटं लागली होती, जायला दहा वर्षं लागतील. मी एवढंच करतो, की त्यांच्याशेजारी बसून माझं अर्धं पान काढतो.

परवा त्याच विद्यार्थिनीच्या लेकीनं कागदभर हिरव्या उभ्या रेघा मारल्या. खालपासून वरपर्यंत, दाट, कुठे फट नाही. मी विचारलं, "हे काय गं?"

"आमच्या घरामागचा बिबट्या."

जुन्नर-आंबेगावात उसात बिबट्या असतो, उसातच त्याची पिल्लं होतात, आणि अंधार पडायच्या आत मुलांना घरात घेतात. हे इथे गोष्टीतलं नाही, रोजचं आहे. मी कागद वरखाली करून पाहिला.

"कुठाय बिबट्या?"

"आत," ती म्हणाली. "दिसत नाही, सर. म्हणून तर भ्या वाटतं."

मी कागदाच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि तो परत दिला. तिनं खडू उचलला आणि उसाच्या वर, डाव्या कोपऱ्यात, एक लहानसा सूर्य काढला. डोंगर नव्हता.