एम म्हणजे हजार की दहा लाख?

परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर ऐकत आम्ही मोठे झालो. त्याच मीडियम वेव्ह रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकायची तर पुढे एक छोटा कन्व्हर्टर जोडायचा. त्यातला ऑसिलेटर स्वतःची लहर तयार करतो, ती बाहेरून आलेल्या लहरीत मिसळते आणि दोघींच्या फ्रिक्वेन्सीतला फरक मीडियम वेव्हवर ऐकू येतो. बस्, एवढंच! घरी जमण्यासारखं काम आहे. खरी गोची होते ती जुन्या सर्किटमधले आकडे वाचताना.

१९४२ चं उदाहरण घ्या. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुपचूप चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर लागायचा. प्रकाशाच्या वेगाला या मीटरनी भागलं की येतात साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. ऑसिलेटर ८.०८ वर ठेवला तर हे केंद्र १००० किलोहर्ट्झवर आलं असतं. आणि ८.३८५ वर ठेवला तर? नेमकं परभणी केंद्राच्या डोक्यावर!

आता त्या काळातल्या सर्किटमध्ये कंडेन्सरवर '१०० एमएमएफ' लिहिलेलं असतं. दोन एम म्हणजे मायक्रो-मायक्रो, म्हणजेच आजचा पिकोफॅरड. कुणी त्याला नॅनो समजून हजारपट मोठा कंडेन्सर लावला, तर फ्रिक्वेन्सी हजाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३२ पटींनी घसरते. ८.०८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर २५६ किलोहर्ट्झवर जाऊन बसतो. मग कितीही बटण फिरवा, केंद्र लागणार नाही.

रेझिस्टरची तर वेगळीच गंमत. जुन्या अमेरिकन डायग्राममध्ये नुसता 'एम' म्हणजे बऱ्याचदा हजार (रोमन आकड्यातला), आणि दहा लाखांसाठी 'मेग'. म्हणजे '५० एम' हा फक्त ५० हजार ओहम! रंगांचे पट्टेही तेव्हा आजच्यासारखे नव्हते. अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा आणि मधला ठिपका म्हणजे शून्यं किती ते. हिरवं अंग, काळं टोक, नारिंगी ठिपका : ५०,०००. हा ५० हजारवाला आज दुकानात मागितला तर दुकानदार ४७ हजारवाला हातात ठेवतो. त्यात फसवणूक काही नाही. १०, २२, ४७ अशा ठरावीक किमतींची मालिका १९५२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आली. जुने भाग तसेही २० टक्के इकडेतिकडे असायचे, त्यामुळे ४७ बिनधास्त चालतो.

मोडी कागद हातात आला की जाणकार आधी काळ बघतो, मग अक्षर लावतो. सर्किटचंही तेच. आधी साल आणि देश शोधा, सोल्डरिंग नंतर.

काँग्रेस रेडिओ पोलिसांनी १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडला. ७.०८ च्या आसपास आता हॅम मंडळींच्या गप्पा चालतात. साध्या रेडिओवर त्यांचे आवाज बदकासारखे येतात. तेवढे आले तरी समजा, आकडे बरोबर वाचले गेलेत :)